अमावस्येला सुरू होणारं वर्ष

२०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता, आठवतंय? आपल्याकडे गुढ्या उभ्या राहिल्या, शके १९४५ सुरू झालं, श्रीखंड-पुरी झाली. आणि नेमका त्याच दिवशी चीनच्या पंचांगात दुसरा महिना संपून पुन्हा दुसराच महिना सुरू झाला! म्हणजे त्यांना अधिक महिना लागला. आपला अधिक त्या वर्षी बराच पुढे होता, १८ जुलैपासून, अधिक श्रावण. पण वर्ष दोघांचंही तेरा महिन्यांचंच. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी ते दिसेल त्याला सांगत सुटले होते.

मी सिंगापूरला राहते. आमच्या स्वयंपाकघरात एका भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्याच्याच शेजारी तांदळाच्या दुकानातून दरवर्षी फुकट मिळणारं चिनी कॅलेंडर, ते रोज एक पान फाडायचं असतं ना तसलं. पातळ, जवळजवळ पलीकडचं दिसेल असा कागद, मध्ये मोठ्ठा इंग्रजी तारखेचा आकडा, खाली चांद्र तिथी, आणि त्याखाली आज काय करावं आणि काय टाळावं याची बारीक अक्षरातली यादी. लग्नाला चांगला, घर हलवायला वाईट, केस कापायला चांगला, असं. सकाळी चहा उकळेपर्यंत मी दोन्हीकडे बघते. आज आपली तिथी कुठली, त्यांची कुठली, एक दिवसाचा फरक का पडला, असं करत करत या पंचांगाचा नाद लागला.

मूळ अडचण सगळ्यांची एकच आहे. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याला फेरी पूर्ण करायला सव्वा ३६५ लागतात. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट. ती तशीच सोडून दिली तर सण ऋतूंमधून फिरत राहतात, हिजरी कॅलेंडरमध्ये फिरतात तसे. चीनने आणि आपण, दोघांनीही ती तूट सोडायची नाही असं ठरवलं आणि भरून काढायची युक्तीही जवळजवळ सारखीच काढली. आपला नियम काय, तर ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक. त्यांनी सूर्याच्या वाटेचे २४ भाग केलेत, प्रत्येकी १५ अंशांचे, आणि त्यातले एकाआड एक असे बारा भाग महत्त्वाचे धरलेत. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवसापासून पुढच्या हिवाळ्यातल्या तशाच दिवसापर्यंत तेरा महिने बसत असतील तर ज्या महिन्यात त्या बारांपैकी एकही सुरू होत नाही तो पहिला महिना अधिक. २०२३ मध्ये वसंतसंपात त्यांच्याकडे २१ मार्चला पडला, म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, आणि पुढचा टप्पा आला २० एप्रिलला, तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. मधला अख्खा महिना रिकामा. तो झाला दुसरा अधिक.

फरक आहेत, आणि तेही मजेदार आहेत. आपली गणना निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून, त्यांची सायन, म्हणजे वसंतसंपातावरून, म्हणून दोघांचे अधिक महिने सहसा एका वेळी येत नाहीत. २०२० मध्ये त्यांचा चौथा महिना दोनदा आला, आपल्याकडे मात्र अधिक आश्विन आला आणि नवरात्र पार ऑक्टोबरच्या मध्यावर गेलं. आपण अधिक महिना आधी घेतो आणि निज नंतर, ते खरा महिना आधी करून मग त्याच नावाचा जादा महिना मागे लावतात. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे महिन्याची सुरुवात. आपली प्रतिपदा अमावस्या संपल्यावर येते. त्यांच्याकडे ज्या दिवशी चंद्र-सूर्याची युती होते तोच दिवस महिन्याचा पहिला. त्यामुळे त्यांचं नवीन वर्ष पुष्कळदा आपल्या अमावस्येलाच सुरू होतं. २०२५ चं बघा. २९ जानेवारी, आपली पौष अमावस्या, उत्तरेत जिला मौनी अमावस्या म्हणतात ती. प्रयागराजला महाकुंभात त्या दिवशी कोट्यवधी लोक स्नानाला लोटले होते आणि इथे आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळपासून सापाच्या वर्षाचं स्वागत (त्यांच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो), लाल कपडे घातलेली पोरं, लिफ्टमध्ये संत्र्यांचा वास. चंद्र एकच ना शेवटी.

ही युती कुठल्या वेळेची धरायची, तर चीनच्या प्रमाणवेळेची, १२० अंश पूर्व रेखांशाची. हे वाचताना कोरडं वाटतं पण यातून काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. व्हिएतनामची घड्याळं चीनच्या एक तास मागे, आणि तेही याच पद्धतीचं पंचांग वापरतात, फक्त हनोईच्या वेळेने. डिसेंबर १९८४ मध्ये दक्षिणायन संपण्याचा क्षण, तोच सगळ्यात लहान दिवसाचा, असा आला की व्हिएतनाममध्ये २१ तारखेची रात्र संपायला थोडा वेळ होता आणि चीनमध्ये २२ तारीख लागून गेलेली. तो दिवस अकराव्या महिन्यातच पडला पाहिजे हा नियम. झालं, तिथून सगळं गणित हललं, आणि १९८५ मध्ये व्हिएतनामचं नववर्ष २१ जानेवारीला आणि चीनचं २० फेब्रुवारीला. एका तासाने एक महिना!

ते २४ भाग म्हणजे शेतकऱ्याचं कॅलेंडर. नावंच बघा ना, 'किडे जागे होतात', 'धान्याचा पाऊस', 'पांढरं दव', 'थोडी थंडी', 'मोठी थंडी'. ५-६ जूनच्या सुमाराला जो भाग लागतो त्याच्या नावात कुसळाच्या धान्याची कापणी-पेरणी आहे, आणि आपल्याकडे ७-८ जूनला मृग लागतो. आपला शेतकरीही पेरणी तिथीवर करत नाही, तो रोहिणी, मृग, आर्द्रा बघतो, म्हणजे सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे ते बघतो. सण चंद्रावर आणि शेत सूर्यावर, हे दोन्हीकडच्या खेड्यातल्या माणसाला कोणी शिकवावं लागलं नाही. युनेस्कोने २०१६ मध्ये या २४ भागांची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली.

पण हे पंचांग शेतकऱ्याचं असलं तरी त्याच्या मालकीचं नव्हतं. ते सम्राटाचं होतं. आकाशाचा हिशोब ठेवायचा अधिकार त्याचा, कारण तो स्वतःला आकाशाचा पुत्र म्हणवायचा, आणि ग्रहण चुकलं किंवा ऋतू सरकले तर त्याच्या गादीवरच शंका. इसवीसनापूर्वी १०४ मध्ये हान घराण्याच्या सम्राट वूने पंचांग नव्याने बसवलं, अधिक महिन्याचा हा नियम तेव्हापासूनचा. नंतर शेकडो वर्षांत पन्नासाहून जास्त वेळा त्यात दुरुस्त्या झाल्या. शेजारच्या राज्याने चीनचं पंचांग स्वीकारलं म्हणजे चीनचं वर्चस्व स्वीकारलं असा सरळ अर्थ. मिंग काळातल्या, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकातल्या, सरकारी पंचांगाच्या मुखपृष्ठावर छापलेलं असायचं की याची नक्कल करणाऱ्याचा शिरच्छेद होईल.

आणि या सम्राटाच्या खास खात्यात एके काळी आपली माणसं होती हे किती जणांना माहीत आहे? थांग घराण्याच्या काळात राजधानी छांगआनमध्ये भारतीय वंशाची गौतम आडनावाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या खगोलखात्यात होती. त्यातल्या गौतम सिद्धाने ७१८ मध्ये सम्राटाच्या हुकमावरून भारतीय ज्योतिषाचा एक ग्रंथ चिनी भाषेत उतरवला, 'नवग्रह' पंचांग म्हणूनच तो ओळखला जातो. त्यात शून्यासाठी टिंब होतं, 'ज्या'चं, म्हणजे त्रिकोणमितीतल्या साइनचं, कोष्टक होतं. चिनी गणितज्ञांनी ते सगळं उचललं असं नाही, बराचसा भाग तसाच पडून राहिला. तरी मला सारखं वाटतं की त्या खात्यात बसून कधीतरी कोणीतरी दोन्हीकडचे अधिक महिने शेजारी शेजारी मांडून बघितले असतील. नंतर युरोपातून जेझुइट आले, १६४५ मध्ये ॲडम शाल या पाद्र्याच्या देखरेखीखाली जे पंचांग लागू झालं त्यात सूर्याची खरी गती धरली गेली, आणि आज जे चालतं ते त्याच वळणाचं.

१९१२ मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि १ जानेवारी हे अधिकृत नववर्ष झालं. जुन्या पहिल्या दिवसाचं नावही काढून घेतलं, १९१४ च्या सुमाराला त्याला 'वसंतोत्सव' म्हणायचं ठरलं, छुन-च्ये, आजही अधिकृत नाव तेच आहे. १९३० च्या आसपास नानचिंगच्या सरकारने जास्तच कडक धोरण घेतलं. जुनी पंचांगं छापायची नाहीत, दुकानं बंद ठेवायची नाहीत, सुट्टी नाही, ज्या काही शुभेच्छा द्यायच्या त्या १ जानेवारीला द्या. लोकांनी ऐकलं नाही. काही वर्षांत तो हट्ट सरकारनेच ढिला सोडला. मग १९६७, सांस्कृतिक क्रांती ऐन भरात. त्या वर्षी वसंतोत्सवाची सुट्टी रद्द झाली, क्रांतिकारी पद्धतीने सण करा म्हणजे कामावर या, असा आदेश. सुट्टी परत यायला सत्तरचं दशक संपत आलं.

एवढं सगळं होऊनही ते पंचांग राहिलं. का राहिलं, याचा मी खूप विचार केलाय. धर्म म्हणून नाही, कारण बंधनं धर्मावर जास्तच होती. शेतीसाठी म्हणावं तर सूर्याचे ते २४ भाग इंग्रजी तारखांवरही दरवर्षी जवळपास त्याच दिवशी येतात, त्यासाठी चंद्राची गरजच नाही. मला वाटतं ते राहिलं ते 'बाय-न्येन' साठी. बाय-न्येन म्हणजे नव्या वर्षाला थोरांच्या, शेजाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या दारात जाऊन शुभ बोलणं. कुठल्या दिवशी जायचं हे माहीत हवं, आणि समोरच्यालाही तोच दिवस माहीत हवा, म्हणजे तो दार उघडायला घरी असेल. एकट्याने १ जानेवारीला नवीन वर्ष करून काय उपयोग, आजी तर त्यानंतर काही आठवड्यांनी वाट बघत बसणार आहे. सरकारला तारीख बदलता येते, आजीची वाट बघणं बदलता येत नाही. करोडो घरांतून एकेका माणसाने असा दिवस लक्षात ठेवला आणि सम्राटाचं पंचांग सम्राटाशिवाय चालू राहिलं.

आणि या सणात शब्दाला जे महत्त्व आहे ना, ते बघून मी दरवर्षी नव्याने थक्क होते. तयारी सुरूच तिथून होते. बाराव्या महिन्याच्या २३ किंवा २४ ला चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव वर्षभर स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकत असतो, कोण भांडलं, कोण कोणाला टाकून बोललं, आणि वर्ष संपताना वर जाऊन जेड सम्राटाला, म्हणजे स्वर्गाच्या राजाला, सगळं सांगतो. मग त्याला चिकट गोड माल्टची मिठाई देतात, काही ठिकाणी चित्रातल्या त्याच्या तोंडालाच लावतात, म्हणजे तो गोडच बोलेल. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लाल कागदांवर लिहिलेलं असतं की वर जाऊन चांगलं सांग, खाली येताना सुख घेऊन ये. मग घर झाडायचं, उधाऱ्या मिटवायच्या, दाराला लाल कागदावरच्या ओळी चिकटवायच्या. आणि आदल्या रात्रीचं जेवण, त्याला काहीही झालं तरी घरी पोचायचं असतं. चीनमध्ये त्यासाठी चाळीस दिवसांचा प्रवासाचा हंगाम चालतो, २०२५ मध्ये रस्ते, रेल्वे, विमानं सगळं धरून ९०० कोटींच्या आसपास प्रवास झाले असं तिथल्या सरकारचे आकडे सांगतात.

पहिल्या दिवशी झाडू हातात घ्यायचा नाही, कात्री-सुरी शक्यतो नाही, आणि वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. मरण, आजार, हरणं, रिकामं, तुटलं, काहीच नाही. आपल्याकडे वास्तू तथास्तु म्हणते म्हणून तिन्हीसांजेला अभद्र बोलू देत नाहीत, तेच, पण इथे दिवसभर आणि अख्ख्या समाजाला एकदम. आणि समजा बशी फुटलीच, तर जो जवळ असेल त्याने लगेच म्हणायचं, 'स्वेइ स्वेइ फिंग आन', म्हणजे वर्षानुवर्षं सुखरूप राहा. फुटण्याला आणि वर्षाला उच्चार एकच, म्हणून फुटलेल्या बशीचासुद्धा आशीर्वाद होऊन जातो. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींच्या नातवाने माझ्यादेखत एकदा ग्लास पाडला होता आणि खोलीतली सगळी माणसं, पत्ते खेळणारे काका लोकसुद्धा, मान वर न करता एका सुरात ते बोलली. पोरगं रडायचंच विसरलं.

शुभेच्छाही सरसकट एकच नसते. परदेशात सगळ्यांना माहीत असतं ते 'गोंग शी फा त्साय', भरभराट होवो, धनलाभ होवो. हाँगकाँगकडचे लोक त्यालाच 'कुंग हेय फात चोय' म्हणतात. दक्षिण चीनमधून व्यापारासाठी बाहेर पडलेल्यांची ती शुभेच्छा, त्यामुळे सिंगापूर, मलेशियात तीच जास्त ऐकू येते. उत्तरेकडे साधं 'क्वो न्येन हाओ' म्हणतात, किंवा 'शिन न्येन हाओ'. म्हाताऱ्या माणसांना सहसा पैशाची शुभेच्छा देत नाहीत, त्यांना 'शन थी च्येन खांग', तब्येत ठणठणीत राहो. शाळकरी मुलांना अभ्यासात पुढे जा. दुकानदाराला धंदा वाढो. यंदा १७ फेब्रुवारी २०२६ ला घोड्याचं वर्ष लागलं तेव्हा जो तो 'मा ताओ छंग कोंग' म्हणत होता, घोडा पोचला की यश आलंच, जुन्या लढायांच्या काळातला शब्दप्रयोग. माणूस बघून शब्द निवडायचा ही गोष्ट मला मनापासून पटते. हॅपी न्यू इयर सगळ्यांना एकाच मापाचं होतं, हे तसं नाही.

इथली रीत अशी की दोन संत्री दोन्ही हातांनी द्यायची, आणि यजमानही निघताना दोन संत्री परत देतो. मुलांना आणि लग्न न झालेल्यांना लाल पाकिटं, इथे त्याला आंग पाव म्हणतात. नोटा कोऱ्या, रक्कम सम आकड्यात, पण चार नको, कारण चारचा उच्चार मरणासारखा. पाकीट देणाऱ्यासमोर उघडायचं नाही. पहिल्या दिवशी वडिलांकडचे थोर, दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात जावयाला घेऊन, तिसऱ्या दिवशी भांडणं होतात म्हणून जाणं टाळतात, पाचव्याला दुकानं उघडतात. पंधराव्याला पौर्णिमा, कंदील, गोड गोळ्यांचं सूप, आणि सण संपला.

आंटींचे यजमान गेले त्याच्या पुढच्या नववर्षाआधी आंटी स्वतः आमच्या दारात आल्या होत्या. या वर्षी आम्ही कोणाकडे जाणार नाही आणि तुम्हीही संत्री घेऊन येऊ नका, वाईट वाटून घेऊ नका, असं सांगायला. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालाय ती माणसं शुभेच्छा द्यायला दुसऱ्यांच्या घरी जात नाहीत, आपलं दुःख दुसऱ्याच्या नव्या वर्षाला लागू नये म्हणून. दाराला लाल कागद नव्हते. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांची दारं लाल-सोनेरी आणि मध्ये हे एक दार नुसतं लाकडाचं. मी त्यांना म्हटलं, आंटी, आमच्याकडे दुःखाच्या वर्षी घरात दिवाळीचा फराळ करत नाहीत पण शेजारी-नातेवाईक आणून देतात, त्याला कोणी नाही म्हणत नाही. त्या जरा वेळ विचार करत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, मग तू आण, तुमच्या पद्धतीने आण. मी चकल्या करून नेल्या. शुभेच्छा दिली नाही, त्यांनीही नाही. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी सकाळी आठला आमची बेल वाजली, आंटी लाल ब्लाउज घालून, दोन संत्री दोन्ही हातांत धरून. मी 'शन थी च्येन खांग' म्हटलं आणि त्यांनी ते परत परत म्हणायला लावलं, सूर बरोबर लागेपर्यंत.

सातवा दिवस म्हणजे सगळ्या माणसांचा वाढदिवस. आख्यायिका अशी की सृष्टी घडवताना देवीने आधी कोंबडी, कुत्रा वगैरे केले आणि सातव्या दिवशी माणूस. जुन्या हिशोबात तर वयही वाढदिवसाला वाढायचं नाही, नववर्षाला सगळ्यांचं एकदम वाढायचं. सिंगापूर-मलेशियात याच दिवसाशी जोडलेला 'लो हेय' नावाचा प्रकार आहे, आता तो पंधरा दिवस कुठेही चालतो, ऑफिसात, हॉटेलात. मोठ्या ताटात कच्च्या माशाचे काप आणि भोवती रंगीबेरंगी किसलेल्या भाज्यांचे ढीग. आजच्या रूपाचं श्रेय १९६४ मध्ये सिंगापूरच्या चार आचाऱ्यांना देतात, मलेशियावाले म्हणतात आमच्या सेरेंबानमध्ये आधीपासून होतं, तो वाद चालू आहे. पण बघण्यासारखं आहे ते बोलणं. एकेक जिन्नस ताटात पडतो आणि त्याची शुभेच्छा मोठ्याने म्हणायची. मासा पडला, 'न्येन न्येन यौ यू', दरवर्षी ताटात शिल्लक उरो. पोमेलो म्हणजे पपनस पडलं, सगळं शुभ होवो. तेल गोल फिरवून ओतलं, पैसा चहूकडून वाहत येवो. गाजर, नशीब उघडो. हिरवा मुळा, तारुण्य टिको. शेंगदाण्याचा कूट, सोन्या-चांदीने घर भरो. तीळ, धंदा फुलो. शेवटी कुरकुरीत सोनेरी तुकडे, आणि मग सगळ्यांनी उभं राहून चॉपस्टिक्सने ते ताट उंच उंच उधळायचं, जितकं उंच तितकी भरभराट, आणि ओरडायचं 'हुआत आह!', म्हणजे भरभराट होवो. आमचे साहेब एरवी मीटिंगमध्ये चार वाक्यं बोलत नाहीत, ते त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने ओरडतात. कूट आणि तीळ बघून मला पहिल्यांदाच ते ताट आपलं वाटलं होतं, आणि मासा नसलेलं एक ताटही आता ऑफिसात मागवतात.

लोक तक्रार करतात की आता कोणी घरी येत नाही, मोबाईलवरून फॉरवर्ड येतात. २०१४ मध्ये वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपने लाल पाकिटंसुद्धा मोबाईलवर आणली आणि चीनमध्ये तो प्रकार वणव्यासारखा पसरला. पण ही तक्रार किती जुनी आहे बघा. सोंग काळापासून, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांपूर्वीपासून, तिथल्या बड्या मंडळींमध्ये स्वतः न जाता नोकराच्या हाती नावाची चिठ्ठी पाठवायची पद्धत होती. घरोघरी दारावर अशा चिठ्ठ्या टाकायला लाल कागदी पिशवी लावलेली असायची. सूचौचा चित्रकार-कवी वन चंगमिंग, १४७० ते १५५९ हा त्याचा काळ, त्याने यावर एक कविता केलीय. भेटायचं कोणालाच नाही, नुसती नावं पोचवायची, सकाळपासून माझं झोपडं चिठ्ठ्यांनी भरलंय, आणि मीही रीतीप्रमाणे चार घरी चिठ्ठ्या टाकून येतो, कारण जगाला काहीच न पाठवलेलं खटकतं, पोकळ पाठवलेलं खटकत नाही. पाचशे वर्षांपूर्वी! मला ती कविता वाचून दिलासाच मिळतो. चिठ्ठ्या आल्या, पोस्टकार्डं आली, एसएमएस आले, आणि तरीही आदल्या रात्री घरी पोचायला माणसं रेल्वेत उभ्याने प्रवास करतातच. पोकळ म्हणा काही म्हणा, त्या चिठ्ठीवर नाव तरी असतं आणि दिवस तरी लक्षात असतो.

आपल्याकडेही हा दिवस लक्षात ठेवणारी माणसं आहेत. मुंबईत माझगावला नवाब टँकजवळ एका जुन्या घरात क्वान कुंग या चिनी योद्धा-देवाचं देऊळ आहे, १९१९ चं, सी यप कून. दक्षिण चीनमधल्या चार परगण्यांतून बोटींवर आलेल्या खलाशांनी आणि कामगारांनी बांधलेलं. त्या भागात एके काळी चिनी वस्ती होती. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, त्यात इथेच जन्मलेली मुलंबाळं होती, म्हातारी होती, आणि नंतर पुष्कळ जण देश सोडून गेले. मला याची खरंच लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे असं वाटतं. जे राहिले ते मुंबईकर आहेत, हिंदी-मराठी बोलणारे, आणि नववर्षाच्या रात्री ते अजूनही त्या देवळात जमतात, उदबत्त्या लावतात, एकमेकांना शुभेच्छा देतात. कलकत्त्याची मंडळी नववर्षाच्या दिवसांत अचीपूरला जातात, तिथे टाँग अचू या अठराव्या शतकातल्या पहिल्या चिनी वसाहतकाराची समाधी आहे, गावाचं नावच त्याच्यावरून पडलं.

पुढचं नववर्ष ६ फेब्रुवारी २०२७ ला आहे, शनिवार, आपली पौष अमावस्या. मेंढीचं वर्ष. तुमच्या ओळखीत, ऑफिसात, कॉलेजात कोणी चिनी असेल, मुंबईचं, कलकत्त्याचं, तैवानचं, कुठलंही, तर त्या दिवशी फोन करा, आणि राहिलंच तर २० फेब्रुवारीच्या पौर्णिमेपर्यंत कधीही करा, तोपर्यंत चालतं. आधी घरात सगळे बरे आहेत ना, आई-वडील कसे आहेत ते विचारा. बरे असतील तर म्हणा 'शिन न्येन हाओ', आई-वडिलांसाठी 'शन थी च्येन खांग'. सूर चुकला तर ते स्वतःच दुरुस्त करून देतील, आमच्या आंटींसारखे, बरोबर येईपर्यंत सोडणार नाहीत.